संगणकाचा गाभा : त्याची निगा कोणी राखायची?



या व्यासपीठावर बोलायला येतात ते बहुधा आपापल्या विद्येत मुरलेले असतात. माझे तसे नाही. माझी शाळा नववीत सुटली. त्यानंतरचे आयुष्य बाजार समितीतले हमाल, जिनिंगमधले मजूर आणि अलीकडे अंगणवाडीच्या सेविका यांच्या सभा भरवण्यात, त्यांचे अर्ज लिहिण्यात आणि कचेऱ्यांचे उंबरे झिजवण्यात गेले. संगणकाला मी हात लावला तो पंचेचाळिशी उलटल्यावर, आणि तोही हौसेने नव्हे. अर्ज कागदावर घ्यायचे कचेऱ्यांनी बंद केले, म्हणून लावला. तेव्हा मी आज सांगणार आहे ते एका गिऱ्हाइकाचे सांगणे आहे, पंडिताचे नव्हे. मात्र जे ठोकर खाऊन कळले ते पोथीत वाचून कळलेल्यापेक्षा अंमळ पक्के असते, एवढ्या भरवशावर बोलतो.

विषय आहे लिनक्स नावाच्या खुल्या संगणक-यंत्रणेचा कर्नेल वेळच्या वेळी अद्ययावत ठेवण्याचा. 'कर्नेल' म्हटल्यावर पलटणीतल्या कर्नलसाहेबांची आठवण होईल, पण त्यांचा येथे संबंध नाही. भुईमुगाची शेंग फोडली की वर टरफल आणि आत दाणा. या दाण्याला इंग्रजीत कर्नेल म्हणतात. गंमत अशी की संगणकवाल्यांनी टरफलही सोडलेले नाही. माणूस ज्या थरावर आज्ञा टंकित करतो त्या थराला ते 'शेल', म्हणजे टरफलच म्हणतात. आपल्याला दिसते ते टरफल, काम करतो तो दाणा.

हा दाणा करतो काय? धान्याच्या बाजारात सकाळी गाड्या लागल्या म्हणजे कोणत्या टोळीने कोणती गाडी उतरवायची, कोणत्या गोदामाचे कुलूप कोणासाठी उघडायचे, कोणाची पाळी संपली आणि कोणाची लागली, हे ठरवणारा एक मुकादम असतो. मुकादम या प्राण्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही, हे माझे मित्र जाणतात. पण उपमा अचूक आहे. संगणकात एका वेळी शेकडो प्रोग्रॅम चालू असतात. त्यांतल्या प्रत्येकाला स्मृतीची जागा किती द्यायची, प्रोसेसरवर पाळी केव्हा द्यायची, कोणती फाइल कोणाला नुसती वाचू द्यायची आणि कोणाला लिहू द्यायची, हे सगळे कर्नेल ठरवतो. सगळ्या कुलपांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. एखाद्या साध्या प्रोग्रॅममध्ये दोष निघाला तर एक खोली उघडी पडते. कर्नेलमध्ये दोष निघाला तर सारा वाडा उघडा पडतो.

"आमच्याकडे कुठे आहे लिनक्स?" असे कोणी विचारील. आपल्या खिशात हात घालून पाहा. अँड्रॉइडचा प्रत्येक मोबाइल लिनक्सच्या कर्नेलवर चालतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली 'प्रत्यूष' आणि २०२४ साली 'अर्क' हे महासंगणक बसले. आपला सोयाबीनवाला पेरणीपूर्वी ज्या पावसाच्या अंदाजाकडे डोळे लावतो, त्याची आकडेमोड अशा यंत्रांवर होते. जगातील पहिल्या ५०० महासंगणकांची जी यादी निघते, तीत नोव्हेंबर २०१७ पासून एकूणएक यंत्रे लिनक्सवर चालणारी आहेत. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेने 'बॉस' नावाची जी भारतीय यंत्रणा २००७ च्या सुमारास काढली, तिचाही दाणा हाच.

फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केले की आपण छंद म्हणून एक यंत्रणा लिहीत आहोत. पहिल्या आवृत्तीत दहा हजारांच्या आसपास ओळी होत्या. आज त्या चार कोटींवर गेल्या आहेत. ही सारी लिखावट उघडी आहे. कोणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी; अट एवढीच की बदललेली यंत्रणा दुसऱ्याला देताना आपले बदलही उघडे ठेवावेत. सुमारे नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. पहिले दोन आठवडे नव्या गोष्टी आत घेतात, मग दार लावतात आणि सहा-सात आठवडे नुसते दोष निवडत बसतात. एकेका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात आणि ते करणारे हात दीड-दोन हजार.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लिनक्स फुकट मिळतो म्हणून तो फुकटात तयार होतो असे नाही. यातले बहुतेक लोक आज कोणत्या ना कोणत्या कंपनीचे पगारी नोकर आहेत. काही थोडे आपल्या वेळात, पदरमोड करून काम करतात. नवी वस्तू आत घालणाऱ्याचे नाव होते. जुनी वस्तू चालती ठेवणाऱ्याचे कोणी नाव घेत नाही. कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचे वाटले तर नवल नाही.

आता माझी ठोकर सांगतो.

आमच्या संघटनेच्या कचेरीला एका हितचिंतकाने जुना संगणक दिला. त्यावर एका तरुण मित्राने लिनक्स बसवून दिला. बिनतारी इंटरनेटसाठी बोटाएवढे एक यंत्र बाजारातून आणले आणि ते चालावे म्हणून त्याचा चालक-प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो बाहेरून मिळवून बसवला. वर्षभर सुरळीत चालले. एके सायंकाळी संगणकाने नेहमीप्रमाणे सुचवले की अद्ययावत व्हायचे आहे. मी 'हो' म्हटले. दुसऱ्या दिवशी मजुरांच्या थकबाकीची कागदपत्रे पाठवायची अखेरची मुदत होती. सकाळी संगणक सुरू केला तर इंटरनेट गायब! दुपारपर्यंत खटपट केली, शेवटी पेनड्राइव्ह घेऊन धावत नेट-कॅफे गाठला. मुदत कशीबशी साधली.

दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "काका, हे अपडेट-बिपडेट बंदच करून टाका. चालते आहे त्याला हात लावू नये." मला ते पटले. पुढे दोन वर्षे आम्ही त्याला हात लावला नाही.

दोन वर्षांनी काय झाले ते पुढे सांगतो. आधी मला हे सांगू द्या की त्या सकाळी नेमके काय घडले होते. नवा कर्नेल बसला होता. बाहेरून आणलेला तो ड्रायव्हर जुन्या कर्नेलच्या मापाचा होता. नव्याच्या खाचेत तो बसेना. लिनक्सवाल्यांचा एक कडक दंडक आहे की कर्नेल बदलल्यामुळे लोकांचे चालते प्रोग्रॅम मोडता कामा नयेत, आणि तो मोडणाऱ्याची टोरवाल्ड्स भीडमुर्वत ठेवत नाही. पण हा दंडक वरच्या प्रोग्रॅमांसाठी आहे. कर्नेलच्या पोटात बाहेरून घुसवलेल्या तुकड्यांची हमी कोणी घेत नाही. दोष अद्ययावत करण्याचा नव्हता, तुकडा परका होता त्याचा होता.

आणि त्याहून हळहळ वाटावी अशी गोष्ट म्हणजे उपाय त्याच यंत्रात होता. नवा कर्नेल बसतो तेव्हा जुना पुसला जात नाही, शेजारी तसाच ठेवलेला असतो. संगणक सुरू होताना 'ग्रब' नावाची एक यादी येते, किंवा कळ दाबून आणता येते. तीत खाली जाऊन जुना कर्नेल निवडला की कालचा संगणक जसाच्या तसा उभा राहतो. दोन मिनिटांचे काम. मला ते ठाऊक नव्हते, दुरुस्तीवाल्यालाही नव्हते, आणि दोघांच्या अज्ञानावर आम्ही दोन वर्षांचा निर्णय घेतला.

'चालते आहे त्याला हात लावू नये' हा सल्ला बैलगाडीच्या चाकालाही लागू नाही, त्याला वंगण लागतेच. मग कर्नेलला तो का लागू नाही, हे एका खऱ्या उदाहरणाने पाहू.

२०१६ च्या ऑक्टोबरात कर्नेलमधला एक दोष उघडकीला आला. त्याचे टोपणनाव 'डर्टी काऊ', म्हणजे मळकी गाय, असे पडले. आता तलाठ्याच्या दप्तरातला सातबारा डोळ्यांपुढे आणा. तो कोणीही पाहावा, पण त्यावर लिहिण्याचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही. ज्याला आपल्या सोयीसाठी त्यावर खुणा करायच्या आहेत त्याला नक्कल मिळते. नक्कलेवर काय वाटेल ते लिहा, मूळ कागद सुरक्षित. कर्नेलही अगदी असेच करतो. फाइल नुसती वाचण्याची मुभा असलेला प्रोग्रॅम तिच्यावर लिहू लागला की कर्नेल त्याला खासगी नक्कल काढून देतो. यात दोन पायऱ्या आहेत: आधी नक्कल काढणे, मग तीवर लिहू देणे. या दोन पायऱ्यांच्या मध्ये, निमिषाच्या फटीत, दुसऱ्या हाताने ती नक्कल फेकून दिली तर काय होईल? कर्नेलच्या लक्षात एवढेच राही की 'या गृहस्थाला लिहायची परवानगी दिलेली आहे'. ती परवानगी नक्कलेपुरती होती हे तो विसरे, आणि लेखणी थेट मूळ सातबाऱ्यावर टेके! ही फट साधायला प्रोग्रॅम हजारो वेळा प्रयत्न करी, आणि यंत्राला हजार प्रयत्नांना वेळ तो कितीसा लागणार? साधा वापरकर्ता अशा रीतीने साऱ्या यंत्राचा धनी होऊ शके.

हा दोष कर्नेलमध्ये २००७ पासून होता. नऊ वर्षे जगभरच्या यंत्रांत, अँड्रॉइड मोबाइलांतसुद्धा, तो निवांत पडून होता. दुरुस्ती केली ती स्वतः टोरवाल्ड्सने, आणि दुरुस्तीच्या नोंदीतच त्याने लिहून ठेवले की हा फार जुना दोष आहे, अकरा वर्षांपूर्वी मीच तो दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, तो नीट साधला नव्हता, आणि एका वेगळ्या जातीच्या यंत्रावर अडचण आली म्हणून ती दुरुस्ती मागे घेतली गेली. आपली चूक जगासमोर अशी नोंदवून ठेवणारे पुढारी मला आमच्या क्षेत्रात फार भेटले नाहीत.

या उघडेपणाची दुसरी बाजूही आहे आणि ती ध्यानात घेतल्याशिवाय विषय पुरा होत नाही. दुरुस्ती उघड्यावर होते, म्हणजे ज्या दिवशी भोक बुजवले जाते त्याच दिवशी भोक कुठे होते हेही जगाला कळते. साव वाचतो, तसा चोरही वाचतो. ज्याने आपल्या यंत्रावर दुरुस्ती बसवली तो सुटला. ज्याने बसवली नाही त्याच्या घराचा नकाशाच चौकात लागला. म्हणून अद्ययावत न केलेला कर्नेल जसा आहे तसा राहत नाही. त्यात काहीही न बदलता तो दर आठवड्याला अधिक धोक्याचा होत जातो. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नेलची मंडळी दोषांना स्वतःच क्रमांक देऊ लागली. असे क्रमांक आता वर्षाला हजारोंनी पडतात. घाबरून जाऊ नका. त्यांतले बहुसंख्य आपल्याजवळ नसलेल्या यंत्रांविषयीचे असतात. पण आपल्याशी संबंधित कोणते हे निवडत बसण्याइतकी विद्या आपल्याजवळ नाही, म्हणून सगळ्या दुरुस्त्या एकत्र घेणे हाच सरळ मार्ग.

येथे एक भेद नीट समजला पाहिजे, कारण तो न समजल्याने माणसे विनाकारण बिचकतात. आपल्या वाशीमवरून जाणारी अकोला-पूर्णा लाइन पूर्वी मीटरगेज होती. २००८ साली ती ब्रॉडगेज झाली. त्यासाठी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या, रूळ उखडावे लागले, पूल नवे करावे लागले. हे एक काम. आणि दुसरे काम त्या माणसाचे, जो हातोडा-पाना घेऊन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासतो आणि जिथे सैल झाले असेल तिथे आवळतो. रेल्वेत त्याला की-मॅन म्हणतात. गाडी त्याच्यासाठी थांबत नाही, उतारूंना तो दिसतही नाही.

कर्नेलचेही तसेच आहे. पाचाच्या मालिकेतून सहाच्या मालिकेत जाणे हा मोठा बदल. पण काही ठरावीक आवृत्त्या 'दीर्घकालीन' म्हणून निवडतात आणि त्यांत नवे काही न घालता, नुसत्या दुरुस्त्या वर्षानुवर्षे मागे नेऊन बसवतात. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि त्यांचे सहकारी हे की-मॅनचे काम करतात. जवळजवळ दर आठवड्याला त्यांची एक खेप निघते. डेबियन, उबुंटू, आपली बॉस यांसारख्या यंत्रणा काढणारे लोक या दुरुस्त्या आपल्या आवृत्तीत बसवून, तपासून, आपल्यापर्यंत पोचवतात. तुमचा संगणक सायंकाळी विचारतो ते बहुधा रूळ आवळण्याविषयी, गेज बदलण्याविषयी नव्हे.

पण की-मॅन कायमचा नसतो. दीर्घकालीन आवृत्तीची निगा पूर्वी सहा सहा वर्षे राखली जाई. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले की यापुढे साधारण दोन वर्षेच. इतक्या जुन्या आवृत्त्या प्रत्यक्ष वापरणारे फार थोडे, आणि त्या सांभाळणारी माणसे थकून गेलेली, ही त्याची कारणे. पुढे काही आवृत्त्यांची मुदत वाढवलीही आहे, पण प्रश्न मिटला असे मला वाटत नाही. ज्या कंपन्या या दाण्यावर अब्जावधी मिळवतात त्या नवे काही घालायला माणसे देतात, जुने आवळायला देत नाहीत. मजुरीचा हा वाद मला वाशीमच्या मोंढ्यात ऐकू येतो, तोच तिकडेही चालू आहे.

आता आमच्या कचेरीची उरलेली हकीकत. दोन वर्षांनी मला या मळक्या गायीची आणि तिच्या भावंडांची माहिती झाली, तेव्हा मी अद्ययावत करायला बसलो. तोवर आमच्या त्या आवृत्तीचा सांभाळच संपला होता. दुरुस्त्या जिथून यायच्या ते कोठार बंद. रोज पाना फिरवला असता तर दहा मिनिटांचे काम होते, त्याऐवजी गेज बदलणे भाग पडले. आठवडा गेला. सभासद-नोंदवहीचा शेवटचा काही भाग कुठेच उतरवून ठेवलेला नव्हता, तो गेला. हमालांच्या वर्गणीच्या नोंदी होत्या त्या. पावतीपुस्तके घेऊन एकेकाच्या घरी जाऊन पुन्हा लिहून घेतल्या. कोणी काही बोलले नाही. एक म्हातारा हमाल मात्र म्हणाला, "साहेब, आमच्याकडून पोतं पडलं तर मजुरी कापतात." मी त्यावर काय बोलणार?

कोणी म्हणेल, की अद्ययावत करणे नेहमीच हिताचे कशावरून? प्रश्न रास्त आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा बंदरातले गेटवे टर्मिनल्स इंडियाचे काम ठप्प झाले. मर्स्क या जगड्व्याळ जहाज-कंपनीच्या समूहाचे ते टर्मिनल. नॉटपेट्या नावाच्या विध्वंसक प्रोग्रॅमने कंपनीचे संगणक जगभर आडवे केले आणि त्यांत आपल्या बंदरातलेही गेले. कंटेनर अडले, ट्रकांच्या रांगा लागल्या, कामे पुन्हा हाताने सुरू झाली. कंपनीने मागाहून सांगितले की दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने बसवावे लागले. हे संगणक विंडोजचे होते, लिनक्सचे नव्हते; पण धडा दोघांना सारखा आहे आणि तो दुधारी आहे. हा रोग ज्या भोकांतून पसरला त्यांतल्या एका मोठ्या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला, म्हणजे तीन महिन्यांपूर्वी, देऊन ठेवली होती. ही झाली एक धार. दुसरी अशी की हा रोग मुळात शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेब-प्रोग्रॅमच्या अपडेटमधून! चोरट्यांनी ते कोठारच बाटवले होते. शिवाय आत शिरल्यावर तो चोरलेल्या परवल्यांनीही पसरे, त्यामुळे दुरुस्त केलेली यंत्रेही सुटली नाहीत.

तेव्हा अपडेट घ्यावा तो आपल्या यंत्रणेच्या अधिकृत कोठारातून. तेथल्या प्रत्येक पुडक्यावर एक डिजिटल सही असते आणि संगणक ती जुळवून पाहतो. सही जुळत नाही असे तो म्हणाला तर 'चालेल, पुढे जा' असे म्हणू नये. कोणी पेनड्राइव्हवर आणून दिलेला किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला अपडेट घेऊ नये. एवढ्याने सगळे संकट टळते असे नाही, पण आपल्या हातातले एवढे आहे.

आमच्या कचेरीत आता काय करतो, ते थोडक्यात सांगतो; कोणाला उपयोग झाला तर व्हावा. महत्त्वाच्या कामाच्या आदल्या सायंकाळी अपडेट घेत नाही. शनिवारी दुपारी घेतो. आधी नोंदवहीची प्रत वेगळ्या डिस्कवर काढतो आणि ती डिस्क तारेवरून काढून कपाटात ठेवतो. अपडेट झाला की संगणक बंद करून पुन्हा सुरू करतो. याला फार लोक चुकतात. नवा कर्नेल डिस्कवर येऊन बसला तरी स्मृतीत जुनाच काम करीत असतो; नव्या मुकादमाची नेमणूक झाली, पण जुना गादीवरून उठलाच नाही, असा प्रकार. महिनोन्‌महिने संगणक बंद न करणाऱ्या कचेऱ्या मला ठाऊक आहेत. तेथे अपडेट येतात आणि डिस्कवर निजून राहतात. मोठ्या सर्व्हरांसाठी चालू असतानाच ठिगळ लावण्याची सोय निघाली आहे, पण ती आपल्यासाठी नाही. पुन्हा सुरू झाल्यावर टर्मिनल उघडून 'युनेम' लिहितो, एक जागा सोडून आडवी रेघ आणि 'आर'; चालू कर्नेलचा क्रमांक उमटतो. तो एका वहीत तारखेसह लिहून ठेवतो. तरुण मुले या वहीला हसतात. हसू देत. जुने दोन कर्नेल ठेवतो आणि त्याहून जुने काढतो, नाहीतर त्यांची जागा भरून जाते आणि नवा बसायला जागाच उरत नाही. बाहेरचा ड्रायव्हर मागणारे ते बोटाएवढे यंत्र टाकून दिले. त्याऐवजी कर्नेलमध्येच ज्याचा ड्रायव्हर आहे असे घेतले. विकत घेण्यापूर्वी एवढे विचारून घेतले की पुढचा अर्धा त्रास वाचतो.

संगणकाचे हे झाले. तेथे किल्ली आपल्या हातात आहे. मोबाइलचे काय?

महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना नोंदी भरण्यासाठी सरकारने मोबाइल दिले होते. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर नावाचे नवे ॲप आले. ते फोन दोन जीबी स्मृतीचे. ॲप त्यांत मावेना, फोन तापत, अडकत, हमीची मुदत संपलेली. नव्या ॲपमध्ये मराठीची अडचण वेगळीच. अखेर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. मुले मोजायची, वजने घ्यायची, आहार वाटायचा, आणि वर नोंद वेळेत झाली नाही म्हणून बोलणी खायची ती सेविकेने. यंत्र मात्र चालणारे नाही. त्या प्रकरणाला कर्नेल कारण होता असे मी म्हणत नाही. कारण मुख्यतः तोकड्या स्मृतीचे आणि हलक्या यंत्राचे होते. पण यंत्र दिले म्हणजे ते चालते ठेवण्याची जबाबदारीही दिली पाहिजे, हा जो मुद्दा बायांनी मांडला तो कर्नेललाही तंतोतंत लागू आहे.

कारण मोबाइलचा कर्नेल आपल्यापर्यंत सरळ येत नाही. मूळ लिनक्समधून एक दीर्घकालीन आवृत्ती गूगल घेते, तीवर चिप बनवणारा आपले थर चढवतो, त्यावर फोन बनवणारा आपले. दुरुस्ती या तिन्ही उंबऱ्यांवरून येणार. शेवटच्या उंबऱ्यावर कंपनी म्हणाली की हा फोन आम्ही आता विकत नाही, तर दुरुस्ती तेथेच थांबते. लिखावट उघडी असून उपयोग नाही. फोनचे कुलूप कंपनीचे. कारंज्याच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची शकुंतला त्यांच्या दारावरून जायची. मालकी खासगी विलायती कंपनीची, गाडी चालवणार भारतीय रेल्वे. मग रूळ कोणी बदलायचे? गाडी बंद पडली.

काही सुधारणा होत आहे. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून, ५.१० आणि त्यापुढील कर्नेल घेऊन निघणाऱ्या फोनांत मूळ कर्नेल सर्वांना समान ठेवून चिपवाल्याचे तुकडे वेगळे काढले, म्हणजे दुरुस्तीची वाट थोडी मोकळी झाली. काही महागड्या फोनांना सात वर्षांचे आश्वासन मिळू लागले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियमच झाला की फोनच्या एखाद्या प्रकाराची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे त्याचे अपडेट मिळत राहिले पाहिजेत. आपल्याकडे सरकार लाखांच्या संख्येने फोन विकत घेते. निविदेत एक ओळ घालता येईल: इतकी वर्षे, इतक्या दिवसांच्या आत, दुरुस्ती मिळालीच पाहिजे. किंमत, स्मृती, कॅमेरा हे सगळे निविदेत लिहितात. ही ओळही सेविकांच्या मागणीपत्रात आली पाहिजे, असे मी आमच्या बैठकीत मांडले आहे. अजून एकमत नाही. मानधनाच्या मागणीपुढे हे शहरी खूळ वाटते, असे काही भगिनींचे म्हणणे आहे आणि त्यांना मी दोष देत नाही.

अशाच एका बैठकीत एका सेविकेने विचारले, "भाऊ, माझ्या फोनातला दाणा किती जुना आहे ते मला कसं दिसेल?" तिला सांगितले ते येथेही सांगतो. सेटिंग्ज उघडा, तळाशी 'फोनविषयी' असे असेल, त्यात अँड्रॉइडच्या आवृत्तीवर बोट ठेवा. तेथे दोन गोष्टी दिसतील: सुरक्षा-अपडेटची तारीख आणि कर्नेलचा क्रमांक. तिने पाहिले. क्रमांक ४.९ ने सुरू होत होता. त्या आवृत्तीची निगा जानेवारी २०२३ मध्ये संपली. सुरक्षेची तारीख त्याहूनही मागची होती. फोन तिच्या स्वतःच्या पैशांतून घेतलेला, आणि त्यावरच तिचे बँकेचे ॲप. बँकेचे ॲप त्यावरून काढ, बँकेची कामे मुलाच्या नव्या फोनवर किंवा शाखेत जाऊन कर, अनोळखी ॲप घेऊ नकोस, असे मी सांगितले. तिने ॲप तिथल्या तिथे काढले आणि मग शेजारच्या बाईचा फोन पाहायला मागितला.